येते म्हणावं

रविवार, ३ एप्रिल

सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर शेजारची रेडिओ. पाहुणे यायचे आमच्याकडे, आणि केस विंचरून, ठेवणीतली चप्पल घालून ही हजर. म्हणे साखर संपली, वाटीभर दे. हातात वाटीच नव्हती. मी म्हटलं, "मुठीतून नेणार का?" तर फिदीफिदी हसली आणि स्टूल ओढून ओट्यापाशी बसली. रेडिओ हे नाव मीच ठेवलंय तिला. बंद करायचं बटण तेवढं नाही.

पण आज मला कुणाचाच राग येत नव्हता. आज भिंगरी यायची होती! भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. माझा लेक गेला त्याला आता तीन वर्षं होतील. त्याची म्हणून आमच्याकडे एवढी एकच खूण. ती आणि सूनबाई शहरात राहतात, आम्ही दोघं इथे आडबाजूला, त्यामुळे भेट कधीमधी. या उन्हाळ्यात मात्र तिला अख्खी सुट्टी इथे ठेवून घ्यायची असं मी मनात पक्कं करून टाकलंय. यांनी तिच्यासाठी पलंगसुद्धा करायला घेतलाय. हे सुतार. बोलतात कमी, ठोकतात जास्त. ही डायरीही वखारवाल्यानं यांना दिलेली, पुठ्ठ्यावर करवतीचं चित्र आहे. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ ज्याला बघायचं असेल त्यानं दुसरीकडे बघावं.

तर काय सांगत होते? हां, गाडी. गाडी लांब्याची. लांब्या म्हणजे लेकाचा जिवाभावाचा मित्र, शाळेत असल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात पडीक. आमच्या दाराच्या चौकटीला डोकं आपटलं नाही असा त्याचा एक दिवस गेला नसेल. आज मात्र वाकून आत आला. मी म्हटलं, "शहाणा झालास रे!" तर म्हणाला, "काकू, उशीरच झाला जरा." किती गुणी. सूनबाईला गाडी चालवता येत नाही, तर बिचारा सुट्टीचा दिवस मोडून दोघींना घेऊन आला. वाटेत तिला गाडी लागते हेही त्याला ठाऊक, आल्याचा तुकडा खिशात बाळगून होता. मित्र गेल्यावरही त्याच्या माणसांना असं जपणारं कोण असतं?

आणि भिंगरी उतरली ती काय घालून? कोट! जाडजूड, गुडघ्याखालपर्यंत, टोपीला केस लावलेला. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि ही अस्वलाच्या पिल्लासारखी लाल झालेली. मी म्हटलं, "अगं काढ, शिजशील आत." तर म्हणते कशी, "आई म्हणाली सवय करायची." शहरात आता कसली कसली फॅशन असते. मी तो कोट खुंटीला टांगला, तर खुंटीच वाकली.

सूनबाई वाळलीय. तिनं एक खोकं आणलं, त्यात लेकाचा निळा स्वेटर, त्याचं शाळेतलं बक्षीस, लहानपणी यांनी त्याला करून दिलेली लाकडी हातोडी. म्हणाली, "घरात ठेवायला जागा नाही, आई." शहरातली घरं म्हणजे काय, काडेपेट्या. बरंच झालं, सुट्टीत भिंगरी राहायला आली की खेळेल हातोडीनं.

मग म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं." तेवढ्यात बटाटे करपल्याचा वास आला आणि मी धावले. परत आले तर पुन्हा, "आई, जरा बसा ना." पण बसायला वेळ कुठे? कोंबडीनं बाहेर अंडं घातलं होतं, ते भिंगरीनं स्वतःच्या हातानं उचलायला हवं होतं की नको? गरम अंडं हातात घेऊन ती अशी उभी राहिली जसा काही दिवाच धरलाय. मी तर आज दिवसभर गुणगुणतच होते. हे कधी म्हणत नाहीत, पण आज म्हणाले, "आवाज आहे हो अजून तुझा."

दुपारी भिंगरीला घेऊन हे कारखान्यात गेले, मागोमाग मी. कारखाना म्हणजे अंगणातली पत्र्याची शेड, पण यांना शेड म्हटलेलं आवडत नाही. तिला फळीला टेकून उभी केली, डोक्यावर पेन्सिलीनं खूण केली, आणि म्हणाले, "एवढी, आणि वर एक हात. दोन-तीन वर्षं पुरेल." रंधा मारताना लाकडाच्या पातळ गुंडाळ्या निघतात ना, त्या हिनं घरातून कोट ओढत आणून त्याच्या दोन्ही खिशांत कोंबल्या. "कशाला गं?" तर म्हणे, "आजोबांचा वास येतो." हे पाठ फिरवून उगाच कानस शोधायला लागले. कानस समोरच होती.

मग लांब्या तिथे गेला. "काका, हातभार लावतो," म्हणाला आणि दार लोटून घेतलं. हातभार कसला, रंध्याचा आवाजच येईना. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. यांच्या कपाळाला भुसा तसाच. जेवायला बसले तर यांनी घासही नीट घेतला नाही. मी दोनदा वाढलं, दोनदा तसंच राहिलं. ऊन बाधलं असणार. लांब्याचंही तेच.

जेवताना काय हसलो! भिंगरी लांब्याला हाक मारते, "लांबाबा, मीठ द्या!" मी म्हटलं, "काय म्हणालीस?" म्हणे, "लांब्याकाका नाही म्हणायचं आता. लांबाबा. आम्ही ठरवलंय." पोरं काय काय शोधून काढतात! रेडिओ अजून बसलेलीच होती, तिच्या हातातला चमचा वाटीत पडला. मी आपली पोट धरून हसतेय. सूनबाई म्हणाली, "आई, तेच सांगायचं होतं मी..." पण मला आठवलं, अंजिराचं झाड दाखवायचं राहिलं. उन्हं कलायच्या आत दाखवायला हवं.

झाडाला अंजिरं लागलीत, पण अजून गोटीएवढी, टणक. भिंगरी हिरमुसली. मी म्हटलं, "पिकायला आली की तू इथेच असशील. सकाळी उठायचं, तोंडसुद्धा न धुता झाडाखाली यायचं." ती आईकडे बघत राहिली.

निघताना फाटकापाशी मला मिठी मारून म्हणाली, "जाते हं आजी!"

मी म्हटलं, "जाते नाही गं, येते म्हणावं."

"का?"

"जाते म्हटलं की माणूस जातंच. येते म्हटलं की परत येतं."

तिनं जरा विचार केला. "पण आई म्हणाली, आजीशी खोटं बोलायचं नाही."

अगं आई गं! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असलं उत्तर कुठून सुचतं या वयात? बाकी कुणी हसलं नाही, दमली होती सगळी. मी म्हटलं, "मग तारीख सांग, म्हणजे खोटं व्हायचं नाही." भिंगरीनं आईकडे बघितलं, आईनं लांब्याकडे. लांब्या म्हणाला, "अंजिरं पिकली की, काकू." मी सोडते होय? म्हटलं, "अंजिरांना काय कॅलेंडर कळतं? नीट दिवस सांग." तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "जूनचा पहिला रविवार."

"झालं तर!" भिंगरी ओरडली. "येते आजी!"

सूनबाईनं माझ्या हातात एक लहानशी पुरचुंडी कोंबली आणि गळ्यात पडली. सोडेचना. तिच्या डोळ्यांत कचरा गेला होता. आमच्या रस्त्याला धूळच फार.

मी आत आल्याबरोबर डायरीत पुढे जाऊन पाच जूनच्या पानावर लिहून टाकलं: भिंगरी येणार.


मंगळवार, ५ एप्रिल

पुरचुंडी आज उघडली. बांगड्या. लग्नात मी तिला घातलेल्या त्याच, माझ्या सासूबाईंच्या. निघताना कानात म्हणाली होती, "तुमच्याकडेच राहू द्या, आई." शहरात चोऱ्या वाढल्यात म्हणतात. माझ्यावर तिचा एवढा विश्वास, बरं वाटलं. रव्याच्या डब्यात खाली ठेवल्यात. हे बघत होते, डब्याचं झाकण यांनीच लावलं.

पलंगाचं काम थांबलंय. विचारलं तर म्हणतात, "लाकडात गाठ निघाली." कालही गाठ, आजही गाठ. म्हटलं, एवढ्या गाठींचं लाकूड आणलंत कशाला?


शनिवार, ९ एप्रिल

गादीला नवी खोळ शिवली. हिरवी, भिंगरीला हिरवं आवडतं. शिवणयंत्राचा पट्टा दोनदा निसटला.

कारखान्यातून आवाज नाही. डोकावले तर हे स्टुलावर बसलेले, फळीवरच्या त्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवून. मी म्हटलं, "खुणेला काय गुदगुल्या करताय? कापा की." म्हणाले, "कापली की कापली. मग वाढवता येत नाही." सुतारकामातलं मला काय कळतंय.


गुरुवार, १४ एप्रिल

रेडिओशी माझं कायमचं वाजलं.

कपडे वाळत घालत होते तर कुंपणापलीकडून सुरू. "काय गं, तुझी सून पुढच्या सीटवर बसून आली."

म्हटलं, "मागे बसलं की तिला गाडी लागते."

"आणि लांबाबा? तुझ्या कानात काय बोळे घातलेत? पोरगी बाबा म्हणते त्याला, बाबा!"

"लांबाबा म्हणते. गंमत आहे ती त्यांची."

"गंमत! तो लांब्या तुझ्या सुनेला आणि पोरीला घेऊन कुठे लांब चाललाय ते विचार एकदा. तुझ्या नवऱ्याला विचार."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुझ्या जिभेला काही हाड? माझी सून मला न सांगता पाणी पीत नाही. आणि करायचंच असेल लग्न, तर करेना का! तिचं वय काय, मी काय तिला अडवणार आहे? लांब्यासारखा मुलगा शोधून मिळायचा नाही. पण मला सांगेल. आधी मला सांगेल." असं बोलून मी चिमटे तिथेच टाकून आत आले.

तरी बोलताना वाईट काही बोलले नाही मी. यांना म्हटलं, "ऐकलंत का, काय म्हणतेय ती?" हे दात घासत होते. दुपारी कुणी दात घासतं? तोंडात फेस.


रविवार, २४ एप्रिल

फोन आला! भिंगरीचा, सकाळी सकाळी. मागे एवढा गलका, आणि भोंग्यावर कुणी बाई काहीतरी बोलत होती, एक अक्षर कळेना. भिंगरी किंचाळतेय, "आजी, माझे बूट पेटीत घालून यंत्रातून पाठवले! आणि कोटसुद्धा! कोटातून आजोबांचं लाकूड निघालं तर ते काका म्हणाले हे काय, तर मी म्हटलं हे माझं!"

काय बाई एकेक दुकानं निघालीत शहरात. बुटांना यंत्र! पॉलिश करत असतील. मी म्हटलं, "परत दिलं ना लाकूड?" म्हणे, "दिलं. ते हसले." मग मागून लांब्याचा आवाज आला, चला, रांग हलली. भिंगरी म्हणाली, "येते आजी!" स्वतःहून. मी आठवण न करता!

मी नाचतच आत आले. "ऐकलंत का, येते म्हणाली! शिकवलं की मुलं विसरत नाहीत."

हे चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "तोही येतोच म्हणून निघाला होता."

आणि उठून बाहेर गेले. चहा अर्धा तसाच.

असं बोलायचं असतं का? पण खरं आहे. माझ्या लेकानं कधी चुकून जातो म्हटलं नाही. त्या दिवशीही फाटकातून ओरडला होता, "येतो गं!" मी शिकवलं होतं त्याला, एवढासा होता तेव्हापासून.

आज पुढे लिहीत नाही.


रविवार, ८ मे

आधी वाटलं हे लिहूच नये. पण ज्या वहीत अंडी आणि बटाटे लिहिलेत तिथे हेही लिहायला हवं.

दुपारी कपडे वाळत घालताना फोन वाजला. भिंगरी. आवाज स्वच्छ, पण मी बोलले की मध्ये जरा रिकामं, मग तिचं उत्तर. विहिरीत हाक मारल्यासारखं.

म्हटलं, "जेवलीस का गं?"

"...आजी, मी झोपायचे कपडे घातलेत."

"भर दुपारी?"

"...दुपार नाहीये. इथे रात्र आहे. सगळीकडे दिवे लागलेत."

मी वर बघितलं. डोक्यावर ऊन होतं. दोरीवर यांचा सदरा टपटप गळत होता. मी तशीच उभी राहिले, आणि मग दोरी तुटली की सगळे कपडे एकदम खाली येतात ना, तसं झालं. कोट. खोकं. बूट. बांगड्या.

मग सूनबाईनं फोन घेतला. "आई," म्हणाली आणि थांबली. मी तोंड उघडलं होतं, सवयीनं. ते मिटलं. त्या दिवशी ती किती वेळा म्हणाली होती, एक सांगायचंय. आणि मी बटाटे, कोंबडी, अंजीर.

म्हटलं, "बोल गं. आज मी उठून कुठे जात नाही."

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, रडत रडत. लांब्याची परदेशातली नोकरी किती वर्षांची, दोघांनी लग्न कधी आणि कसं साधंसं केलं, भिंगरीची तिथली शाळा. म्हणाली, तुमच्या तोंडावरचा तो आनंद बघून माझी जीभच उचलली नाही, आई. मी मध्ये एकदाही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तिचं झालं. विचारलं, "तिथल्या दारांना लांब्याचं डोकं आपटतं का गं?"

मध्ये ते रिकामं आलं. मग हसली, रडता रडता. "नाही आई. इथली दारं उंच आहेत."

"मग बरं आहे," म्हटलं. "आणि बांगड्या मी सांभाळतेय, पण तुझ्या म्हणून. तू परत दिल्यास असं मी धरत नाही. त्याच्याशी लग्न केलंस म्हणून तुझी सासू बदलली की काय?"

 फोन लांब्यानं घेतला. "काकू," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या तोंडून काकू ऐकायची सवय आहे, तेच राहू दे. तिला गाडी लागते, आलं मिळतं का तिथे ते बघ."

आत येऊन यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"त्या दिवसापासून. मीच म्हटलं त्याला, मी सांगतो तिला."

"मग सांगितलं का नाही?"

यांनी वाकलेली खुंटी सरळ करून बघितली. मग म्हणाले, "तू गात होतीस."


बुधवार, ११ मे

रेडिओ साखर घेऊन आली. वाटीभरून, शीग लावून. काही विचारलं नाही, काही बोलली नाही. बसली, माझ्याबरोबर शेंगा सोलल्या आणि गेली. बटण आहे म्हणायचं.

अंजिरं भरायला लागलीत. देठाजवळ जरा जांभळी.


शुक्रवार, २० मे

चार-पाच दिवस कारखान्यातून रंध्याचा आवाज येत होता. मी गेले नाही. मनात म्हटलं, दुसऱ्या कुणाची खुर्ची-बिर्ची असेल.

आज हाक मारली, "ये जरा, दुसरी बाजू धर."

पलंग झालेला. पायांना छान गोलाई, उशाकडे अंजिराचं पान कोरलंय. पण केवढा! खोलीच्या दारातून तिरका करून न्यावा लागला. मी म्हटलं, "अहो, हे काय? पोर एवढीशी. एवढी आणि वर एक हात, तुम्हीच म्हणाला होतात."

हे पाय नीट टेकतात का ते बघत होते, खाली वाकून. वर न बघता म्हणाले, "लागेल."

"कुणाला?"

"तिलाच. येईल तेव्हा लागेल एवढा."

मग मला कळलं, की हे मला त्या दिवसापासून सांगत होते. यांना तोंडानं सांगता येत नाही, म्हणून लाकडानं सांगत होते, आणि मला वाटलं गाठ निघाली.

हे हात धुवायला गेले तेव्हा मी दार लोटून पलंगावर आडवी झाले. डोकं त्या कोरलेल्या पानाला टेकवलं, पाय ताणले. तरी पायांकडे चांगली हातभर जागा उरली. म्हणजे यांच्या मते ती माझ्यापेक्षा उंच होणार. होईल. बाप उंच होता तिचा. आणि आता वाढायची ती उंच दारांच्या घरात.

हिरवी खोळ आखूड पडतेय, उसवून तिला जोड द्यायला हवी. तसलाच हिरवा मिळाला तर बघते.

पाच जूनचं पान उघडून बघितलं. लिहिलेलं आहे तसंच आहे, भिंगरी येणार. आधी वाटलं खोडावं. पण ती येते म्हणाली होती, दोनदा म्हणाली, आणि लांब्यानं दिवस तोंडानं सांगितला, जूनचा पहिला रविवार. मी काही खोडत नाही. मला घाईच फार, मी नुसता दिवस विचारला. वर्ष विचारायचं राहिलं.